एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: कॉलबॅक आले होते, नोंदी आमच्याकडे गळल्या

नमस्कार मॅडम, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. दिवाळीआधीच्या शनिवारी रात्री आम्ही सांभाळतो त्या तुमच्या फराळाच्या साइटवर गिऱ्हाइकांचे पैसे कटले, ऑर्डर मात्र पेंडिंगमध्येच अडकल्या, आणि आमच्या सपोर्टने सांगितलं की लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) नोंद नाही म्हणजे पेमेंट गेटवेचा कॉलबॅक (पैसे मिळाल्याचा गेटवेकडून साइटला येणारा निरोप) आलाच नाही, त्यांच्याशी बोला. तुम्ही गेटवेच्या डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट पाठवलात तरी आमचं तेच. चार दिवस तुम्हाला फिरवलं, हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे आणि त्याची मनापासून माफी मागतो. आम्ही लॉग उडवले असा तुम्हाला संशय आहे, तसं कोणी केलेलं नाही, पण ते गळले आणि आमच्याच सेटिंगमुळे गळले.

झालं असं की तुमच्या साइटला पुढे एचएप्रॉक्सी, म्हणजे येणारी गर्दी सर्व्हरमध्ये वाटणारा प्रोग्रॅम, आणि मागे वेब1, वेब2 असे दोन सर्व्हर. वाटणी आम्ही गिऱ्हाइकाच्या आयपी पत्त्यावरून ठेवली होती, पण दसऱ्याला साइटसमोर सीडीएन (साइटची पानं स्वतःच्या सर्व्हरवरून लोकांपर्यंत पोचवणारी सेवा) लावल्यावर एचएप्रॉक्सीला सगळी गर्दी सीडीएनच्याच थोड्या आयपींवरून येताना दिसायला लागली आणि बहुतेक लोड वेब2 वर गेला. तिथे मायएसक्यूएल या डेटाबेसची एकावेळच्या कनेक्शनची मर्यादा डिफॉल्टच, म्हणजे 151, ती भरली आणि कॉलबॅकला 500 एरर (सर्व्हरमध्येच बिघाड असं उत्तर) जायला लागले. अ‍ॅप प्रत्येक एररला पन्नास-साठ ओळींचा स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे झाली त्याचा माग) छापतं आणि जर्नलमध्ये, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या स्थानिक लॉगमध्ये, त्यातली प्रत्येक ओळ वेगळा मेसेज म्हणून मोजली जाते. तिथून सेंट्रल लॉग सर्व्हरला पाठवणाऱ्या आरसिसलॉग या प्रोग्रॅमची डिफॉल्ट मर्यादा 10 मिनिटांत 20,000 मेसेज, म्हणजे सव्वातीनशे-चारशे एररमध्येच कोटा संपला आणि ती 10 मिनिटं पूर्ण होईपर्यंत पुढचं सगळं टाकून दिलं, चांगल्या नोंदीसुद्धा. नेमकी गडबड सुरू झाली की लॉग बंद, यापेक्षा वाईट वेळ नाही. वेब1 च्या नोंदी मात्र व्यवस्थित येत होत्या म्हणून सपोर्टच्या मुलाला वाटलं लॉग नीट चालू आहे.

बुधवारी मी स्वतः वेब2 वर जाऊन जर्नल वाचायची जर्नलसीटीएल ही कमांड लावली तर सगळे कॉलबॅक तिथे होते, कारण जर्नलची स्वतःची मर्यादा एका सर्व्हिसला 30 सेकंदांत 10,000 मेसेज, ती ओलांडली नव्हती. आरसिसलॉगने स्वतःची ओळही टाकली होती, ‘बिगिन टू ड्रॉप मेसेजेस ड्यू टू रेट-लिमिटिंग’, म्हणजे मर्यादेमुळे मेसेज टाकून द्यायला सुरुवात. आणि एचएप्रॉक्सीच्या लॉगमध्ये तुमच्या स्क्रीनशॉटमधल्याच मिनिटाला कॉलबॅकचा पाथ, वेब2 आणि 500, असं स्पष्ट लिहिलेलं. शनिवारी रात्री कोणी ती एक फाइल उघडली असती तरी तुम्हाला गेटवेवाल्यांकडे पाठवायची वेळ आली नसती. नोंद नाही याचा अर्थ रिक्वेस्ट आली नाही असा होत नाही, हे आम्हालाच कळायला हवं होतं, तुमचा पुरावा समोर असताना तर नक्कीच.

आता दोन्ही सर्व्हरवरची आरसिसलॉगची ती मर्यादा काढली, लॉग टीसीपीवरून, म्हणजे पोच घेत, डिस्कच्या रांगेसकट (पुढे जाता आलं नाही तर तिथे थांबून) जातात, स्टॅक ट्रेस एकाच ओळीत, आणि प्रत्येक रिक्वेस्टला एचएप्रॉक्सीवर आयडी मिळतो तोच अ‍ॅपच्या लॉगमध्ये येतो. वाटणी लीस्टकॉनवर (ज्या सर्व्हरवर चालू कनेक्शन कमी, त्याला पुढची रिक्वेस्ट) नेली, मायएसक्यूएलची मर्यादाही वाढवली. रोज रात्री एचएप्रॉक्सीने किती रिक्वेस्ट पाठवल्या आणि सेंट्रल लॉगला किती पोचल्या ते आकडे ताडून बघतो, फरक दिसला की मेल थेट मला येतो.

अडकलेल्या सगळ्या ऑर्डरची यादी, वेळ आणि ट्रान्झॅक्शन आयडीसकट, काल तुम्हाला मेल केली आहे. वेब2 चं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, त्यामुळे वेळांमध्ये साडेपाच तास मिळवूनच लिहिलंय. परदेशात जाणारे डबे यादीत वर ठेवलेत, त्यांचं कुरिअर आधी निघायला हवं. ऑक्टोबरचं बिल आम्ही घेणार नाही. यादीत एखादी ऑर्डर सापडली नाही तर सपोर्टला न सांगता थेट मला सांगा, मी स्वतः वेब2 चा जर्नल उघडून शोधतो.