ब्लॅक बेल्टवाल्यांचे हात पोलिसांत नोंदवावे लागत नाहीत

परळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरतंय, ‘कराटेत ब्लॅक बेल्ट मिळाला की पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते, हात शस्त्र मानले जातात, मुलींना ज्युदोलाच घाला.’ साफ खोटं. असा कायदाच नाही. भारतीय न्याय संहितेची (१ जुलै २०२४पासून लागू) कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना देतात, पट्टा कुठलाही असो. फक्त गरजेपेक्षा जास्त इजा नको. पळणाऱ्याला गाठून बदडलंत तर तुम्हीच अडकाल.

ज्युदो उत्तमच, पण त्याचं कारण हे नव्हे. क्लासमध्ये जोडीदाराशी खरी झटापट करून घेतात का, ते बघा. दादरच्या पुलावर कुणी मनगट धरलं, तर पकड अंगठ्याच्या बाजूने सुटते. हवेत हात मारून ते अंगवळणी पडत नाही.