‘हम होंगे कामयाब’ आणि पीट सीगरवरचे खोटे आरोप

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दर पंधरा ऑगस्टला मुलांकडून ‘हम होंगे कामयाब’ बसवून घ्यायची. काल तिला एक फॉरवर्ड आला आणि तिनं विचारलं, ‘हे गाणं मुलांना शिकवलं, ते चुकलं का रे?’ फॉरवर्डमध्ये लिहिलंय: मूळ इंग्रजी गाणं ‘वी शॅल ओव्हरकम’ अमेरिकी गायक पीट सीगरनं लिहिलं, त्यावर कोट्यवधी कमावले, तो रशियाचा हेर होता आणि त्यासाठी दहा वर्षं तुरुंगात होता. आईला असा प्रश्न पडावा याचा मला संताप आला.

हेरगिरीचा खटला त्याच्यावर कधीच झाला नाही. ऑगस्ट १९५५मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीनं त्याला बोलावलं. ती साक्ष शब्दशः छापलेली आहे, वाचून बघा. कुठल्या पक्षाचा आहेस, अमुक सभेत गायलास का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलंय. तो म्हणाला, माझी मतं, माझा धर्म, माझं मतदान यांबद्दल सांगणार नाही. कुणालाही हे विचारणंच गैर आहे. हवं तर ती गाणी म्हणून दाखवतो. समितीला गाणी नको होती. खटला झाला तो उत्तरं नाकारल्याचा, संसदेच्या अवमानाचा. १९६१मध्ये दहा आरोपांवर प्रत्येकी एक वर्ष, तेही सगळं एकदमच भोगायचं, अशी शिक्षा झाली. दहाचा आकडा इथलाच असणार. १९६२मध्ये अपिलात तीही रद्द झाली. टीव्हीच्या मोठ्या वाहिन्यांनी मात्र त्याला १९६७पर्यंत बाहेरच ठेवलं.

तो कम्युनिस्ट पक्षात होता, हे खरं. स्टालिनचे अत्याचार ओळखायला त्यानं फार उशीर केला, हेही मान्य. पुढे त्यानं स्वतःच तशी कबुली दिली. पण म्हणून कुणी हेर ठरत नाही.

गाणंही त्याचं एकट्याचं नाही. त्याचं मूळ काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यांत आहे. १९४५-४६च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरात तंबाखू कारखान्यातल्या संपकरी बायका ते म्हणायच्या. त्यांतली ल्युसिल सिमन्स ते अगदी संथ, एकेक शब्द लांबवत गायची. कामगारांच्या शाळेत गाणी शिकवणाऱ्या झिल्फिया हॉर्टननं ते तिथून उचललं आणि १९४७मध्ये सीगरला शिकवलं. त्यानं कडवी जोडली. हक्क चौघांच्या नावावर नोंदवले, पण रॉयल्टी दक्षिणेतल्या काळ्या समाजाच्या कामासाठीच्या निधीत जायची.

आणि आई जे शब्द शिकवायची ते हिंदी शब्द कवी गिरिजाकुमार माथुरांचे. त्यांचं नाव फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.