बुलेटप्रूफ दप्तर घ्या हवं तर, पण आधी एक प्रश्न विचारायला शिका

परवा आमच्या न्यू जर्सीच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा बुलेटप्रूफ दप्तराची लिंक आली आणि खाली लगेच 'कुठे मिळतं', 'सेल कधी लागतो', 'मुलींसाठी गुलाबी आहे का' सुरू झालं. ग्रुपवर काही बोललं की वाद होतो, म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या दप्तराचंच. बाजारातली बहुतेक दप्तरं पिस्तुलाची गोळी अडवतात, रायफलची नाही. इथल्या शाळांमधले मोठे गोळीबार आठवा, सँडी हूक (२०१२, २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गेली), पार्कलंड (२०१८, १७ जण), युवाल्डी (२०२२, १९ मुलं आणि २ टीचर), तिन्ही ठिकाणी एआर-१५ छापाची रायफल होती. शिवाय आमच्याकडे तरी प्रायमरीत दप्तर दिवसभर खुंटीला टांगलेलं असतं, पोराच्या पाठीवर नसतं. त्यामुळे दोनशे डॉलर टाकून आपल्याला रात्री झोप लागत असेल तर घ्या बापडे, मी कोण नको म्हणणारी.

जीव वाचतो तो दारामुळे. आतून कुलूप लागणाऱ्या साध्या दारामुळे. पार्कलंडला गोळ्या झाडणारा पोरगा एकाही वर्गात शिरला नाही, कॉरिडॉरमधून आणि दाराच्या काचेतून गोळ्या झाडत गेला, जी मुलं काचेतून दिसत नाहीत अशा कोपऱ्यात होती ती वाचली, पण बऱ्याच वर्गांत तो कोपरा कुठला हे कुणी आखूनच ठेवलेलं नव्हतं. आणि युवाल्डीला १११ नंबरच्या वर्गाचं लॉक नीट लागत नाही हे शाळेत आधीपासून माहीत होतं! आपले लोक स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जातात ते मॅथची लेव्हल आणि गिफ्टेड प्रोग्रॅमसाठी, वर्गाचं दार आतून लागतं का हे विचारायला कोणी उठलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

ड्रिलबद्दल, म्हणजे आग लागली किंवा हल्ला झाला तर काय करायचं याच्या सरावाबद्दल, मात्र मला शाळांवर उगाच टीका करायची नाही. न्यू जर्सीत २०१० पासून कायदाच आहे, शाळा चालू असताना दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सिक्युरिटी ड्रिल. धाकटी दुसरीत आहे, सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा तिने जेवता जेवता त्यांना सगळं समजावून सांगितलं, म्हणजे दार लॉक करायचं, लाइट बंद, भिंतीला चिकटून बसायचं, मग बाहेरून कोणीतरी हँडल खडखड हलवतं आणि अगदी प्रिन्सिपलचा आवाज आला तरी उघडायचं नाही, ते त्यांच्या किल्लीने उघडतील. सासूबाई म्हणाल्या, "अगं पण कुणी बाथरूमला गेलेलं असेल तर?" ही म्हणते, "मग तो तिकडेच लपणार ना आजी, दार नाही उघडायचं," आणि पुढचा घास घेतला. सासूबाईंचा घास हातातच राहिला. थोड्या वेळाने म्हणाल्या, कामा हॉस्पिटलात त्या सिस्टरने हेच तर केलं होतं. खरंच की! २६/११ ला कसाब आणि त्याचा साथीदार कामा हॉस्पिटलात घुसले तेव्हा नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डची दारं लावली, वीस गरोदर बायकांना पँट्रीत नेलं, लाइट बंद केले, आणि सगळ्या वाचल्या. म्हणजे यात काही रॉकेट सायन्स नाही, दार लाव, दिवा मालव, गप्प बस.

माझा विरोध आहे तो ड्रिलच्या नाटकाला. काही ठिकाणी खोटं रक्त, रिकाम्या गोळ्यांचे आवाज, मास्क घालून फिरणारा माणूस असले प्रकार झालेत. २०१९ मध्ये इंडियानात एका प्रायमरी शाळेच्या टीचर्सना ट्रेनिंगच्या नावाखाली गुडघ्यावर बसवून पाठीवर प्लास्टिकचे छर्रे मारले. यातून काय शिकणार माणूस? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगितलंय की मुलांवर असली ड्रिल्स करू नका. फायर ड्रिलला आपण वर्गाला आग लावतो का? तुमच्या शाळेत असलं काही ठरत असेल तर प्रिन्सिपलला मेल टाका, माझ्या मुलाला बसवू नका म्हणून सरळ सांगा.

आता मुद्द्याचं. शाळेत ते पोरगं बंदूक घेऊन उभं राहतं तेव्हा खेळ जवळजवळ संपलेला असतो. ती बंदूक आली कुठून? सीक्रेट सर्व्हिसने (अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणारी यंत्रणा) २००८ ते २०१७ मधल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला, त्यात बंदूक वापरणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश मुलांनी ती आईबापाच्या नाहीतर जवळच्या नातेवाइकाच्या घरातून उचलली होती. मिशिगनमधलं ऑक्सफर्ड हायस्कूल आठवतंय? ३० नोव्हेंबर २०२१. चारच दिवस आधी बापाने पिस्तूल घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी टीचरला मुलाच्या कागदावर बंदुकीचं चित्र दिसलं, आईबापाला शाळेत बोलावलं, ते आले, मुलाला घरी न नेता कामावर परत गेले, शाळेनेही दप्तर उघडून पाहिलं नाही आणि त्याला वर्गात पाठवलं. पिस्तूल दप्तरातच होतं. चार मुलं गेली. २०२४ मध्ये दोघा आईबापांना सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जियात अपालाची हायस्कूलला चौदा वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं, तिथेही बापावर गुन्हा दाखल झाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, प्लेडेट किंवा स्लीपओव्हर ठरला की विचारा, 'तुमच्या घरात बंदूक आहे का आणि असेल तर लॉक करून ठेवता का?' केकमध्ये अंडं आहे का हे आपण बिनदिक्कत विचारतो, चिकन ब्रॉथ घातलाय का विचारतो, कुत्रा चावतो का विचारतो, आणि हे विचारायला लाजतो. मी अ‍ॅलर्जीच्या मेसेजमध्येच घालते, शेंगदाणे नकोत, बीफ नको, आणि घरात गन असेल तर ती सेफमध्ये आहे ना? एका अमेरिकन आईने लगेच उत्तर पाठवलं, बेसमेंटमध्ये सेफ आहे, कोड फक्त नवऱ्याला माहीत, विचारलंस ते बरं केलंस. राग आला तो आपल्याच एका मैत्रिणीला. "आम्ही काय तसले लोक वाटलो का?" बाई गं, तसले म्हणजे कसले? आपल्यातलेही लोक लायसन्स काढून रेंजवर जायला लागलेत, फोटो टाकतात, मग प्रश्न का नको? आणि फक्त शाळेतल्या गोळीबारापुरतंही नाही हे. २०२० पासून अमेरिकेत एक वर्षाच्या वरच्या मुलांच्या आणि टीनेजर्सच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, त्यात शाळेतले बळी अगदी थोडे. घरातल्या कपाटातून जाणारे जास्त, आत्महत्या त्यातच आल्या.

दुसरं, पोरांना आधी कुठेतरी कुणकुण लागलेली असते. स्नॅपचॅटवर कोणीतरी काहीतरी टाकलेलं असतं, बसमध्ये कोणी बोललेलं असतं. आपण त्यांना लहानपणापासून 'चुगल्या करायच्या नाहीत' शिकवतो आणि स्वतः 'कशाला मध्ये पडायचं, उगाच व्हिसाचं काही झालं तर' म्हणून गप्प बसतो. शाळेला सांगितल्याने कुणाचा एच-वन जात नाही हो. नाव न देता कळवायची सोय बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये असते, तो नंबर पोरांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आणि खरंच तो दिवस आला तर? पोराला फोन करू नका. लपलेल्या वर्गात वाजलेला फोन सगळ्यांना महागात पडू शकतो, त्याला जमेल तेव्हा त्याचाच मेसेज येईल. गाडी काढून शाळेच्या गेटवर पण जाऊ नका, अँब्युलन्सला रस्ता लागतो. हे लिहिताना युवाल्डी आठवतं आणि जीभ रेटत नाही हे मान्य आहे, ३७६ पोलीस जमले आणि ७७ मिनिटं त्या वर्गात कोणी शिरलं नाही, बाहेर आईबाप ओरडत होते आणि पोलीस त्यांनाच अडवत होते. मी तिथे असते तर मीही कुंपणावरून उडी मारली असती. पण प्रत्येक गावाचे पोलीस तसे निघतील असं धरून हजार पालकांनी रस्ता अडवायचा का? माझं उत्तर नाही असंच आहे, तुमचं वेगळं असेल तर कमेंटमध्ये भांडा.

अशा दिवशी मुलं शाळेतून देत नाहीत, दुसरीकडे कुठेतरी, चर्चमध्ये किंवा कम्युनिटी सेंटरला नेतात आणि तिथे फोटो आयडी बघून, लिस्टमध्ये नाव असेल त्याच्याच हातात देतात. आपल्या घरांतला घोळ इथे आहे. दोघंही मॅनहॅटनला कामावर, ट्रेन बंद पडली तर दोन तास, आणि घरी आजी-आजोबा सहा महिने आलेले, पण त्यांचं नाव शाळेच्या इमर्जन्सी कार्डवर नाही. त्यांचा फोटो आयडी म्हणजे पासपोर्ट, तो कपाटात कुलपात, आणि किल्ली सुनेच्या पर्समध्ये. सप्टेंबरमध्ये फॉर्म येतो तेव्हा आपण मागच्या वर्षीचंच कॉपी करून सबमिट मारतो. त्यावर आजी-आजोबांचं नाव घाला, जवळ राहणाऱ्या आणि घरून काम करणाऱ्या एका तरी मित्राचं घाला, आणि तो फॉर्म वर्षाच्या मध्येही बदलता येतो, ऑफिसला फोन केला की झालं.