क्लोरोफिलच्या थेंबांनी रक्त वाढत नाही, गोळ्या बंद करू नका

‘क्लोरोफिल म्हणजे हिरवं रक्त. हिमोग्लोबिनमध्ये आणि त्याच्यात फक्त एका अणूचा फरक. रोज दहा थेंब घ्या, २१ दिवसांत रक्त वाढेल, पोटात ऑक्सिजन तयार होईल, लोहाच्या गोळ्या विसरा. लाल माठात तर हिरवं नसतंच, थेट रक्तच असतं.’ क्लोरोफिलबद्दलचा, म्हणजे पानांतल्या हिरव्या रंगद्रव्याबद्दलचा, हा मेसेज सगळीकडे फिरतोय आणि तो वाचून माझ्या मावशीने हिमोग्लोबिन साडेआठ असताना गोळ्या बंद केल्या, म्हणून लिहितोय.

एका अणूचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, मान्य. दोघांच्या रेणूतलं मधलं अणूंचं कडं एकाच घराण्यातलं, जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स फिशरना १९३०चं नोबेल या दोन्हींच्या रचनेवरच्या कामासाठीच मिळालं. पण क्लोरोफिलच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं आणि हिमोग्लोबिनच्या हीममध्ये, म्हणजे त्याच्या ऑक्सिजन धरणाऱ्या भागात, लोह. ते कडं आपलं शरीर स्वतःच बनवतं हो, त्यासाठी पानांकडून उसनं घ्यावं लागत नाही, लोह कमी असलं की गाडी अडते ती लोहावर, आणि तेच तुम्ही बंद करायला सांगताय!

पोटात ऑक्सिजन? तिथे उजेड कुठाय? आणि उजेड असता तरी काही झालं नसतं. पालक स्पिरिटमध्ये वाटून गाळा (गॅसजवळ नको), अंधारात त्या हिरव्या पाण्यावर जांभळा यूव्ही टॉर्च मारा, ते चक्क लाल चमकतं. पानातली यंत्रणा सुटली की क्लोरोफिल पकडलेला उजेड असा परत फेकून देतं, त्यातून ऑक्सिजन बनत नाही.

लाल माठाचं तर घरीच बघा. पानं चिरून गरम पाण्यात ठेवा, लाल रंग पाण्यात उतरतो, भात गुलाबी करतो तोच, त्याला बीटालेन म्हणतात, रक्ताशी काही संबंध नाही. उरलेली पानं हिरवट दिसतात. ती निथळून स्पिरिटमध्ये वाटा, फिल्टर पेपरची पट्टी टोकाला बुडवून उभी ठेवा, शेजारी पालकाची. दोन्हीकडे हिरवं चढतं आणि त्याच्या वर पिवळं. मग माठात हिरवं नसतंच हे कोणी ठरवलं?

आणि ते थेंब. पाण्यात विरघळतात ना? खरं क्लोरोफिल पाण्यात विरघळत नाही. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक वेळा सोडियम कॉपर क्लोरोफिलिन सापडेल, म्हणजे मॅग्नेशियम काढून तांबं बसवलेलं. लोह त्यातही नाही.