अर्थिंग तोडू नका: इलेक्ट्रिक गिटारच्या ‘सात नियमां’ना उत्तर

परवा भाचीने फोटो पाठवला. तिच्या इलेक्ट्रिक गिटारचा नवा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा खोका), त्याचा तीन पिनांचा प्लग आणि मधे बसवलेला दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे अर्थिंगची पिन बाद. खाली लिहिलं होतं, “मावशी, घुरघूर गेली बघ!” मी लगेच फोन लावला. आधी अ‍ॅम्प बंद कर, प्लग काढ, मग बोलू.

ही युक्ती तिला ज्या मेसेजमधून मिळाली तो मलाही तोवर तीन ठिकाणांहून आला होता. ‘घरी वाजवायला इलेक्ट्रिक गिटार घेताय? हे सात नियम पाठ करा.’ नियम असे: वर्षभर अकूस्टिकवर (विजेविना वाजणाऱ्या गिटारवर) बोटं घासल्याशिवाय इलेक्ट्रिकला हात लावू नका. पन्नास वॉटच्या खालचा अ‍ॅम्प म्हणजे खेळणं. ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, तेवढाच खरा. रात्री वाजवायचं असेल तर ट्यूब अ‍ॅम्पचा स्पीकर काढा आणि तिथे हेडफोन लावा. अ‍ॅम्प परवडत नसेल तर गिटार सरळ घरच्या म्युझिक सिस्टिमला जोडा. आवाज लाकडाचा असतो, म्हणून गिटार जड आणि महागच हवी. आणि घुरघूर येत असेल तर प्लगचं अर्थिंग तोडा.

शेवटच्या नियमापासून सुरुवात करते. बाकीच्या सहांनी पैसे वाया जातील, कान जातील, अ‍ॅम्प जाईल. याने माणूस जाऊ शकतो.

अ‍ॅम्पच्या आतला सांगाडा धातूचा असतो आणि तो अर्थिंगला जोडलेला असतो. एखादी वायर सुटून फेज त्या सांगाड्याला लागला, तर करंट अर्थिंगमधून निघून जातो आणि फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. अर्थिंग तोडलेलं असेल तर काहीच उडत नाही, करंट सांगाड्यात तसाच बसून राहतो. आता गिटारकडे या. केबलची बाहेरची जाळी त्याच सांगाड्याला जोडलेली असते. गिटारच्या आत तिचीच एक वायर ब्रिजपर्यंत (तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत) जाते, आणि ब्रिजवरून तारा निघतात. म्हणजे अ‍ॅम्पच्या सांगाड्यात जे असेल ते थेट तुमच्या बोटांखाली असतं. अशा वेळी दुसरा हात मायक्रोफोनला, लॅपटॉपच्या धातूला किंवा नळाला लागला, की करंटची वाट छातीतून जाते. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्सीला स्टेजवर असाच गेला. हातात गिटार होती आणि अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागला.

‘मी कित्येक वर्षं असंच वाजवतोय, काही झालेलं नाही,’ असं त्या मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय. त्याच्या अ‍ॅम्पमध्ये अजून काही बिघडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अर्थिंग असतं ते बिघाडाच्या दिवसासाठी.

आणि घुरघुरीचं औषध अर्थिंग तोडणं हे नाहीच. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. ते तारांची थरथर पकडतात, तसं घरातल्या विजेचं ५० किंवा ६० हर्ट्झचं गुणगुणणंही पकडतात. गिटार हातात धरून जागच्या जागी सावकाश वळा. एका दिशेला घुरघूर वाढेल, दुसरीकडे जवळजवळ नाहीशी होईल. चार्जर, डिमर, मॉनिटर यांच्यापासून लांब बसा. अ‍ॅम्पला लॅपटॉप किंवा पेडल (आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) जोडत असाल तर सगळ्यांचे प्लग एकाच एक्स्टेंशनमध्ये घाला. तरीही त्रास होत असेल तर हम्बकर पिकअपची गिटार घ्या. त्यात उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल असतात आणि त्या एकमेकींची घुरघूर खोडतात. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हरने १९५५ साली हे जमवलं, ते नेमकं याच दुखण्यासाठी. तारांना हात लावल्यावर घुरघूर कमी होत असेल तर घाबरू नका, वायरिंग बरोबर असल्याची ती खूण आहे. हात लावल्यावर वाढली किंवा जराशी झिणझिण जाणवली, तर प्लग काढून अ‍ॅम्प तपासायला न्या.

आता पन्नास वॉट. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. म्हणजे १०० वॉटचा अ‍ॅम्प १० वॉटच्या साधारण दुप्पट मोठा, दहापट नव्हे. मार्शल कंपनीचे १०० वॉटचे अ‍ॅम्प १९६५ च्या सुमारास आले, तेही ‘द हू’सारख्या बँडना मोठ्या सभागृहात ऐकू जायला हवं म्हणून. तेव्हाच्या सभागृहांतली साउंड सिस्टिम गाण्यापुरतीच असायची, गिटारला स्वतःच्याच जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावं लागे. तुमच्या खोलीत शेवटची रांग पलंगाशी संपते.

कानांचं गणित तर त्याहून सोपं आहे. अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था. तिची मर्यादा अशी: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. बारा इंची गिटार स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर साधारण ९५ ते १०० डेसिबल देतो. नीट वाचा, एका वॉटवर. अर्ध्या तासाचा रियाज एका वॉटमध्ये कानांची दिवसाची मर्यादा गाठतो, आणि हे लोक नवशिक्याला पन्नास घ्यायला सांगतात. एकदा लागलेली कानातली शिट्टी काही वेळा कायमची राहते. मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण पंधरा वर्षांच्या मुलीचे कान अजून साठ वर्षं तरी चालायचे आहेत.

ट्यूब अ‍ॅम्पबद्दल थोडं कबूल करायलाच हवं. ट्यूब जोरात चालवली की आवाज फाटायला लागतो तो गोड असतो, बोटांच्या दाबाला साथ देतो. ते खोटं नाही. पण तो गोडवा व्हॉल्यूम वर नेल्याशिवाय येत नाही, आणि ५० वॉटच्या ट्यूब अ‍ॅम्पवर घरात तेवढा व्हॉल्यूम कधीच लावता येत नाही. म्हणजे दुसरा आणि तिसरा नियम एकमेकांनाच मारतात. ट्यूबच हवी असेल तर एक ते पाच वॉटची बघा, आणि तीही मोठ्याने वाजते हे लक्षात ठेवा. नाहीतर हेडफोनची सोय असलेला छोटा मॉडेलिंग अ‍ॅम्प (वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) घरासाठी उत्तम.

हेडफोनचा नियम मात्र अ‍ॅम्प जाळायचा रस्ता आहे. ट्यूब अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला स्पीकरचा भार लागतो. तो काढून अ‍ॅम्प वाजवलात तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. हेडफोन लावायचे ते हेडफोनसाठी दिलेल्या जॅकमध्येच.

म्युझिक सिस्टिमला गिटार जोडली तर आवाज मंद, मळका येतो, डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, लावलं तर मधमाश्यांचं पोळं. गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक गाळून टाकतो, हाय-फाय स्पीकर सगळं ऐकवतो. मधे स्पीकरची नक्कल करणारं पेडल असेल तर चालेल.

अकूस्टिकचा नियम कुणी काढला कोण जाणे. ज्याला इलेक्ट्रिक वाजवायची आहे त्याने इलेक्ट्रिकच घ्यावी. तारा पातळ असतात, बोटं कमी दुखतात, म्हणून मूल रोज हातात घेतं. लाकडावर तर बोलायलाच नको. पिकअप तारा ऐकतो, आणि जड गिटारने फक्त खांदा भरून येतो.

‘गिटार महागच हवी’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. स्वस्त गिटार बऱ्याचदा सेटअप (तारांची उंची, सूर जुळवणं) न करताच येते. घेण्याआधी मानेच्या कडेने तळहात फिरवा, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं टोचतात का बघा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर ऐका, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. ब्रिज स्थिर असलेलाच घ्या, तरंगत्या (स्प्रिंगवर हलणाऱ्या) ब्रिजवर एक तार लावली की बाकीच्या पाच उतरतात. यातलं बरंचसं स्क्रू पिळून सुधारतं, त्यासाठी महाग गिटार लागत नाही.

भाचीची घुरघूर अ‍ॅम्पवर ठेवलेल्या चार्जरची निघाली. तिच्या गिटारची तिसरी तार मात्र बाराव्या फ्रेटवर दाबली की थोडी चढी लागते. रविवारी ती गिटार घेऊन येतेय. सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा, मागे कसं सरकवायचं ते तेव्हा दाखवीन.