स्वस्त ड्रेस वॉच ‘संग्रहात शोभत नाही’? एकेका मुद्द्याला उत्तर

लग्नसराई तोंडावर आली की घड्याळप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात थोड्याफार फरकाने हेच असतं: वीस हजारांच्या आतलं ड्रेस वॉच म्हणजे पैसे पाण्यात. सेलवर चालणारं घड्याळ म्हणजे खेळणं. सफायर काच, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची कठीण काच, नसेल तर हात लावू नका. ‘स्विस मेड’ नसेल तर संग्रहात ठेवू नका. चाळीस मिलिमीटरच्या खालचं घड्याळ पुरुषाच्या हाताला शोभत नाही. आणि एवढं बजेट नसेलच, तर डोळे मिटून जुनं एचएमटी घ्या, त्याचा भाव वाढतच जाणार.

नागपुरात नव्याने घड्याळं जमवू लागलेली पोरं हा मेसेज वाचून एकतर हप्त्यांवर महागडं घड्याळ घेतात, नाहीतर हा आपला प्रांत नाही म्हणून नादच सोडतात. दोन्ही गोष्टींचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी ड्रेस वॉच कशाला म्हणतात ते बघू. दोन किंवा तीन काटे, साधी डायल, चामड्याचा पट्टा, आणि पूर्ण बाहीच्या शर्टाच्या कफाखाली अलगद सरकेल इतकी कमी जाडी. म्हणजे पातळपणा आणि साधेपणा, या दोनच कसोट्या. मेसेजमधल्या बहुतेक अटी रोजच्या धकाधकीच्या घड्याळाच्या आहेत. त्या ड्रेस वॉचला लावल्या की चांगली घड्याळं नापास होतात आणि जाडजूड घड्याळं पास होतात.

सेलच्या घड्याळाला खेळणं म्हणण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, मनगटी घड्याळ, अ‍ॅस्ट्रॉन, विक्रीला आणलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. पुढे तंत्र स्वस्त झालं म्हणून ते हलकं ठरत नाही. आजच्या साध्या क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतो. त्याच्यासमोर ओरिएंट बॅम्बिनो ठेवा. मला ते घड्याळ फार आवडतं, घुमटासारख्या काचेखालची त्याची डायल बघत राहावीशी वाटते. पण त्याच्या ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, यंत्राची कंपनीनेच सांगितलेली मर्यादा दिवसाला उणे १५ ते अधिक २५ सेकंद आहे, आणि ऑटोमॅटिक असल्याने जाडी बारा मिलिमीटरच्या आसपास जाते. घट्ट कफात ते अडकतं. उलट टायटनने २००२ साली काढलेलं एज बघा. यंत्राची जाडी १.१५ मिलिमीटर, अख्ख्या घड्याळाची ३.५ मिलिमीटर. टायटनच्या होसूरच्या कारखान्यातल्या लोकांनी हे करून दाखवलं आणि ते सेलवर चालतं म्हणूनच शक्य झालं. पातळपणा ही ड्रेस वॉचची पहिली कसोटी असेल, तर इथे क्वार्ट्झला कमीपणा कसला?

जमवणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे, जी त्या मेसेजमध्ये कुठेच येत नाही. घरात आठ-दहा घड्याळं असली की ड्रेस वॉचची पाळी वर्षातून मोजक्या वेळा येते. ऑटोमॅटिक घड्याळ काढून ठेवलं की साधारण चाळीस तासांत थांबतं. मग वऱ्हाड निघायच्या घाईत वेळ लावा, तारीख असेल तर तीही जुळवा. क्वार्ट्झ उचललं की हातात. एक काळजी मात्र घ्या: संपलेला सेल आत राहू देऊ नका, तो गळला की यंत्र खातो. घड्याळ बरेच महिने वापरायचं नसेल तर चावी बाहेर ओढून ठेवा. काटे थांबतात, सेल जास्त टिकतो.

आता काच. सफायर कठीण असते यात वादच नाही. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर ती ९ वर येते. धुळीतल्या वाळूचे कण ७ वर आणि साधी मिनरल काच त्यांच्याही खाली, म्हणून मिनरल काचेवर ओरखडे उठतात. रोज बाईकवरून एमआयडीसीला जाताना घालायच्या घड्याळाला सफायर जरूर बघा. पण कफाखाली राहणाऱ्या, मांडवात तीन-चार तास वापरायच्या घड्याळाला ही अट कशासाठी? जुन्या घड्याळांवरची प्लास्टिकची काच तर त्याहून मऊ, पण तिच्यावरचे ओरखडे पॉलिश पेस्टने घरी बसून निघतात आणि आपटली तरी तिचा चुरा होत नाही. १९६९ साली बझ ऑल्ड्रिनने चंद्रावर घातलेल्या ओमेगा स्पीडमास्टरला प्लास्टिकचीच काच होती.

‘स्विस मेड’ हा शिक्का घड्याळ कुठे बनलं ते सांगतो, ते किती चांगलं आहे ते नाही. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा, यंत्र स्विस हवं, जुळणी आणि शेवटची तपासणी तिथे व्हायला हवी. उरलेल्या ४० टक्क्यांची केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), डायल, काटे कुठूनही येऊ शकतात. सेइको, सिटिझन, ओरिएंट आपली यंत्रं स्वतः बनवतात, टायटनही बनवतं. त्यांना संग्रहातून बाहेर काढणारा हा नियम कुणी केला?

आकाराबद्दल दोनच दाखले. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं पहिलं कॅलट्राव्हा, १९३२ चं, जेमतेम ३१ मिलिमीटरचं होतं आणि ड्रेस वॉच म्हटलं की जाणकार आजही त्याच्याकडेच बोट दाखवतात. आपलं एचएमटी जनता ३५ च्या आसपास, आणि ते घालून एका अख्ख्या पिढीने नोकऱ्या केल्या. आकडा सोडा. बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) बाजारात घड्याळ बघायला जाताना टी-शर्ट घालून जाऊ नका, पूर्ण बाहीचा शर्ट घाला, कफाचं बटन लावा आणि घड्याळ आत-बाहेर सरकवून बघा. लगची, म्हणजे पट्टा जोडायच्या शिंगांची, टोकं मनगटाबाहेर जात असतील तर ते मोठंच आहे.

स्वस्त घड्याळांवर टीकाच करायची असेल तर खरी जागा मुलाम्याची आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. बऱ्याच स्वस्त सोनेरी घड्याळांची केस पितळेची असते आणि वरचा मुलामा बारीक. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, घामाने लगच्या कडा आणि केसची मागची बाजू आधी काळवंडते. म्हणून पहिलं ड्रेस वॉच पूर्ण स्टीलचं घ्या. सोनेरी हवंच असेल तर ते थंडीतल्या लग्नांना घाला, आणि घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेवा.

राहिला डोळे मिटून एचएमटी घेण्याचा सल्ला. एचएमटीवर माझा जीव आहे. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला सुरू झालेला हा कारखाना, यंत्रात झीज कमी करणारे सतरा खडे असलेलं, हाताने चावी द्यायचं जनता, पातळ अंगाचं सोना. सोनासारखं ड्रेस वॉच आजही त्या किमतीत दुसरं दाखवता येत नाही. नागपूरच्या इतवारीत, महालात डोळ्याला भिंग लावून ते उघडणारे कारागीर अजून आहेत आणि साफसफाई, ऑइलिंग काही शेकड्यांत होतं. पण जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि तेव्हापासून बाजारात जुन्या यंत्रांवर नव्याने रंगवलेल्या डायलींचा सुळसुळाट झालाय. भाव वाढणार या आशेने डोळे मिटून घेणारा माणूस तीच घड्याळं घरी आणतो.

त्यामुळे भिंग घ्या आणि डायल बघा. कारखान्याच्या छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात. पुन्हा रंगवलेल्या डायलवर शाई पसरलेली दिसते, ‘एचएमटी’ची अक्षरं जाड-बारीक होतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. काट्यांच्या मधल्या भोकाभोवती रंगाचा थर साचलेला असतो. कारखान्याने कधी काढलेच नाहीत असे रंग दिसले तर पुढे विचारूच नका. ऑनलाइन घेत असाल तर तीन फोटो मागा: उजेडात जवळून काढलेली डायल, मागचं झाकण उघडून यंत्र, आणि बाजूने लग. यंत्राचा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर ते घड्याळ सोडून द्या, जनता आणि सोना अजून भरपूर मिळतात.