खारिजी मुआवियाचे नव्हते
खारिजी (चौथे खलिफा अली यांच्या बाजूतून फुटून निघालेला गट) हे अलींचा विरोधक, सीरियाचा सुभेदार मुआविया याने फोडलेले बंडखोर होते, असं एका लेखात म्हटलंय; ते साफ चुकीचं आहे. 657 मध्ये अली आणि मुआविया यांच्यात सिफ्फीनला झालेल्या लढाईत ते अलींच्याच फौजेत होते. मुआवियाच्या सीरियन सैनिकांनी भाल्यांवर कुराण उंचावलं, लढाई थांबली आणि लवादाचा करार ठरला. करारात अलींच्या नावापुढची 'अमीर उल मोमिनीन' (श्रद्धावंतांचा नेता) ही पदवीही वगळावी लागली. 'निवाडा फक्त अल्लाहचा' म्हणत, लवाद नाकारून खारिजी इराकमधल्या कूफा शहराजवळच्या हरूरा इथे वेगळे झाले. मुआवियालाही ते तितकंच दोषी मानत.

658 मध्ये नहरवानला अलींनी त्यांचा मोड केला खरा, पण अलींची फळी त्यातच खिळखिळी झाली. 661 मध्ये कूफ्याच्या मशिदीत अलींवर वार करणारा इब्न मुलजम खारिजीच होता.